सहेरीनंतरचा अर्धा तास

रमजान महिन्यात शीव कोळीवाड्यातली पहाट चार वाजताच सुरू होते. सहेरीसाठी खिडक्याखिडक्यांत दिवे लागतात, तवा चढतो, चहाचे आधण ठेवले जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईत सहेरीची वेळ पावणेसहाच्या सुमारास संपते. मग फजरची नमाज होते. सूर्य उगवायला अजून तासभर असतो. या वस्तीला तसे पहाटे उठण्याचे अप्रूप नाही. मासळी विकणाऱ्या कोळी बायका पिढ्यान्‌पिढ्या अंधारातच धक्क्याकडे निघत आल्या. गुरुद्वारातला पाठ उजाडण्याआधी सुरू होतो. कार्तिकात काकड आरतीला जाणारी मंडळीही याच वेळी घराबाहेर पडतात. रमजानच्या महिन्यात रोजेदारांची त्यांत भर पडते, एवढेच.

नमाजनंतर कुणी पुन्हा अंग टाकतो, कुणी कुरआनाची तिलावत, म्हणजे पठण करतो. त्यातूनही अर्धा तास उरतो. ही गोष्ट त्या अर्ध्या तासाची आहे.

समजा, याच वस्तीत एक बाई राहतात. वय बेचाळीस. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. केले. अभ्यासाला क्वांटम मेकॅनिक्स होते. मराठी विश्वकोशाने या विषयाला पुंजयामिकी असे नाव दिले आहे. त्या वेळी समीकरणे पाठ केली, गुण मिळाले; पण ती समीकरणे नेमके काय सांगतात, हे विचारायचे राहून गेले. घरात पगाराची गरज होती. फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. आता मोठा मुलगा बारावीला आहे. त्याच्या पुस्तकातले अणूचे प्रकरण चाळताना जुना प्रश्न पुन्हा वर आला. त्यांनी एक कोरी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

अशा बाई, किंवा असे गृहस्थ, प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना पहिला प्रश्न घरचेच विचारतात : या वयात हे कशाला? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. या अभ्यासाने कचेरीत बढती मिळणार नाही, पगार वाढणार नाही. शिवाय विद्यार्थ्याच्या मनातली खरी भीती वेगळीच असते. तेव्हा वेळ नव्हता असे वीस वर्षे स्वतःला सांगितले. आता वेळ काढला आणि तरीही कळले नाही, तर?

शीव कोळीवाड्याला मात्र मध्यम वयात पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची ओळख आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती इथे झाल्या. चाळिशी-पन्नाशीतली माणसे घरदार, दुकान, शेत मागे टाकून इथे आली आणि नवा धंदा, नवी भाषा शिकली. पूर्वी ज्या स्टेशनाला कोळीवाडा म्हणत, ते आज गुरू तेगबहादूर नगर आहे. तेव्हा उशिरा सुरुवात करणे ही या वस्तीत लाजेची गोष्ट असण्याचे कारण नाही.

यंदा २८ फेब्रुवारी रमजान महिन्यातच आली आहे. हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रमण यांनी कोलकात्यात रमण परिणामाचा शोध लावला. दरवर्षी शाळाशाळांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या कामाची त्यांची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. रमण यांनी १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे सरकारच्या वित्त खात्यात नोकरी केली. सुरुवात झाली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. बदल्याही झाल्या. रंगूनला गेले, १९१० मध्ये आपल्या नागपुरात हिशेबाचे काम पाहिले, पुन्हा कोलकात्याला आले. तिथे बहुबाजार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था होती. रमण पहाटे तिथे जात, मग कचेरी करत आणि संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळेत येत. १९१७ साली प्राध्यापकाची जागा मिळाली, तिचा पगार सरकारी पगारापेक्षा कमी होता. ती त्यांनी घेतली.

त्यांचा शोधही पुंजयामिकीच्या दारातलाच आहे. प्रकाश म्हणजे ऊर्जेचे सुटे सुटे कण, असे धरले तर तो सहज समजतो. एका रंगाचा प्रकाश द्रवातून जाताना त्यातला एखादा कण द्रवाच्या रेणूवर आदळतो आणि आपल्या ऊर्जेतला थोडा वाटा रेणूला देतो. बाहेर पडताना ऊर्जा कमी झालेली असते, म्हणून रंगही किंचित बदललेला असतो. किती बदलला, हे प्रत्येक रेणूचे ठरलेले असते. त्यामुळे बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा या बदलावरून पदार्थ ओळखता येतो. याच शोधासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक रमण यांना मिळाले.

दुसरे उदाहरण शीवपासून फार दूर नाही. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. लंडनचे शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धवट सोडून यावे लागले होते. पगारातून पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेऊन १९२० साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. विषय अर्थशास्त्राचा होता, पण सुटलेले शिक्षण नोकरीनंतर पुन्हा हाती घेण्याचे याहून मोठे उदाहरण मुंबईत शोधून सापडणार नाही.

ही दोन्ही उदाहरणे सांगताना एक गोष्ट मात्र राहून जाते. रमण पहाटे प्रयोगशाळेत जात, तेव्हा घर लोकसुंदरी अम्माळ सांभाळत होत्या. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात बसले, तेव्हा परळच्या चाळीत रमाबाई अत्यंत ओढगस्तीत संसार रेटत होत्या. अभ्यासाचा वेळ आकाशातून पडत नाही. कुणीतरी तो आपल्या वाट्यातून देत असते. शीव कोळीवाड्यातल्या आपल्या बाईंसाठी तो कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. सहेरीला घरात सर्वांत आधी त्याच उठतात. चार वाजता पीठ त्याच मळतात. फजरनंतर इतरांना अर्धा तास उरतो. त्यांच्यापुढे मोरीतली भांडी उरतात आणि साडेआठच्या लोकलची घाई.

विज्ञानाच्या इतिहासात हे नवे नाही. मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३० मध्ये गटिंगेनला पुंजयामिकीत डॉक्टरेट मिळवली. त्या पतीबरोबर अमेरिकेत गेल्या आणि पुढे कित्येक वर्षे विद्यापीठांत त्यांनी बिनपगारी किंवा नाममात्र जागांवर काम केले. दोन मुले वाढवली. अणुकेंद्रातले कण कवचांसारख्या थरांत कसे बसतात, याचे स्पष्टीकरण त्यांनी चाळिशीत असताना दिले. पूर्ण वेळ प्राध्यापकाची पगारी जागा मिळायला १९६० साल उजाडले आणि १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वयाच्या भीतीचेही एकदा बघून घ्यायला हवे. पुंजयामिकी हा पोरांचा खेळ आहे, असे जर्मनीत त्या काळी गमतीने म्हणत. हायझेनबर्ग यांनी जून १९२५ मध्ये हेल्गोलँड बेटावर तिचा पाया घातला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. डिरॅकही साधारण तेवढेच, पाउली पंचवीसचे. त्या घटनेला शंभर वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे पुंजविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. परंतु याच कथेत मोठी माणसेही आहेत. १९०० साली ऊर्जेचे पुंज असतात ही कल्पना मांडणारे माक्स प्लांक बेचाळीस वर्षांचे होते. श्रोडिंजर यांनी आपले समीकरण मांडले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. लुई द ब्रॉय यांनी आधी इतिहासाची पदवी घेतली होती, मग विज्ञानाकडे वळले. पहिल्या महायुद्धात आयफेल टॉवरवरच्या बिनतारी केंद्रात त्यांची वर्षे गेली. परत येऊन अभ्यास सुरू केला आणि १९२४ साली, बत्तिसाव्या वर्षी, पदार्थाचे कणही लाटेसारखे वागतात असे सांगणारा प्रबंध लिहिला.

सर्वांत बोलकी गोष्ट माक्स बोर्न यांची आहे. हायझेनबर्ग यांनी आपला लेख त्यांच्या हाती दिला. त्यात आकड्यांचे चौकोनी तक्ते होते आणि त्यांचा गुणाकार विचित्र होता : आधी कोण, नंतर कोण, यावर उत्तर बदलत होते. हायझेनबर्ग यांना हे काय आहे ते ठाऊक नव्हते. बेचाळीस वर्षांच्या बोर्न यांना काही दिवसांनी आठवले, की विद्यार्थी असताना ब्रेस्लाऊ इथे एका शिक्षकाने हेच शिकवले होते. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. वीसेक वर्षे न वापरलेले शिक्षण असे वेळेवर उपयोगी पडले. वीस वर्षांपूर्वी शिकलेले सगळे वाया गेले, असे वाटणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तरीही गणिताची भिंत असतेच, आणि ती टाळून जाता येत नाही. पहिले दोन-तीन महिने पुंजयामिकीचे पुस्तक न उघडता गणितच करावे लागते. काल्पनिक संख्या, सदिश, मॅट्रिक्स, अवकलन आणि समाकलन. बारावीच्या मुलाची पुस्तके इथे कामाला येतात. कित्येक घरांत आई आणि मुलगा एकाच टेबलावर बसून एकच उदाहरण सोडवू शकतात; त्यात आईचे उत्तर चुकले तर मुलाला जरा आनंद होतो, तो होऊ द्यावा.

भिंतीपलीकडे काय आहे, याची चव मात्र लगेच घेता येते. द ब्रॉय यांचे सूत्र साधे आहे : प्लांकच्या स्थिरांकाला वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने भागायचे, की लाटेची लांबी मिळते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने आला, तर त्याची लाट इतकी लहान निघते, की मीटरमध्ये लिहिताना दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्ये घालावी लागतात. म्हणून मैदानावर चेंडूची लाट कुणाला दिसत नाही. हेच सूत्र सेकंदाला ३० लाख मीटर वेगाच्या इलेक्ट्रॉनला लावले, तर लाटेची लांबी साधारण अणूच्या आकाराएवढी येते. म्हणजे अणूच्या घरात इलेक्ट्रॉनचे लाटपण लपत नाही. हा हिशेब साध्या कागदावर पाच मिनिटांत होतो. तो स्वतः केला, की विषय आपल्या ओळखीचा होतो.

दुसरे उदाहरण तुणतुण्याचे घ्या. दोन्ही टोकांना बांधलेली तार कशीही थरथरू शकत नाही. तिच्यात अर्धी लाट बसेल, दोन अर्ध्या बसतील, तीन बसतील. अडीच बसणार नाहीत. छोट्याशा जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या लाटेचेही असेच असते. म्हणून त्याची ऊर्जा हवी तेवढी असू शकत नाही. सर्वांत खालची ऊर्जा एक धरली तर पुढच्या पायऱ्या चार, नऊ, सोळा अशा येतात. जागा निम्मी केली तर प्रत्येक पायरी चौपट उंच होते. पदार्थाचे अतिसूक्ष्म कण याच नियमाने रंग बदलतात : कण मोठा तर तांबडा, लहान तर निळा. अशा कणांच्या शोधासाठी आणि ते तयार करण्यासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. दुकानात दिसणाऱ्या क्यूएलईडी टीव्हीत हेच कण असतात.

साधनांची आज वाण नाही. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. बालकृष्णन यांची पुंजयामिकीवरची तीसेक व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य आहेत. रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांचा तिसरा खंड १९६५ साली निघाला, तोही संगणकावर फुकट वाचता येतो. स्टॅनफर्डचे प्राध्यापक लेनर्ड ससकिंड यांनी तर खास अशाच लोकांसाठी वर्ग चालवले, ज्यांना पदार्थविज्ञान शिकायचे होते पण संसारात राहून गेले. त्या वर्गांवरून २०१४ मध्ये पुंजयामिकीचे पुस्तक निघाले. त्याचे सहलेखक आर्ट फ्रीडमन हे प्राध्यापक नव्हते. त्यांची बरीच वर्षे संगणकाच्या नोकरीत गेली होती. पदवीच हवी असेल, तर इग्नूचा पदार्थविज्ञानातला एम.एस्सी. अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येतो.

मराठीत बोलायला, विचारायला माणसे हवी असतील तर गुरू तेगबहादूर नगरच्या पुढचे स्टेशन चुनाभट्टी. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन तिथेच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘चाय अँड व्हाय’ या उपक्रमाच्या सभा जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात भरत आल्या आहेत. तिथे प्रश्न विचारणाऱ्याचे वय कुणी विचारत नाही. एकट्याने अभ्यास करणारा महिन्याभरात थकतो. दोघे-तिघे असले तर वर्ष निघते.

एक सावधगिरी बाळगावी. क्वांटम हा शब्द आज बाजारात स्वस्त झाला आहे. क्वांटम लॉकेट, क्वांटम उपचार, क्वांटम पाणी अशा नावांनी भोळ्या माणसांना गंडवले जाते. तासभराचे चकचकीत व्हिडिओ बघून विषय कळल्याचा भास होतो, तोही याच जातीचा. स्वतः उदाहरण सोडवल्याशिवाय हा विषय कळत नाही. ज्याने एकदा इलेक्ट्रॉनच्या लाटेची लांबी स्वतः काढली, त्याला क्वांटम लॉकेट कुणी विकू शकत नाही. बढती नाही, पण एवढा फायदा निश्चित आहे. आजूबाजूच्या चार माणसांनाही तो होतो.

शिवाय हे शास्त्र आता दूरचे राहिलेले नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. तिच्या चार केंद्रांपैकी एक पवईच्या आयआयटीत आहे. उद्या या विषयावर वर्तमानपत्रात दावे-प्रतिदावे येतील. ते समजून घेणारे नागरिक शीव कोळीवाड्यातही हवेत.

आता हिशेब वेळेचा. तीस व्याख्याने, तीस तास. ऐकलेल्या प्रत्येक तासामागे तीन तास उदाहरणे सोडवायची, म्हणजे आणखी नव्वद. एकूण एकशेवीस तास. रोजचा अर्धा तास धरला तर दोनशे चाळीस दिवस, आठ महिने. त्याआधीचे गणिताचे महिने मिळवले तर जवळजवळ वर्ष. एका रमजानपासून पुढच्या रमजानपर्यंत. हार्बरच्या गाडीत गुरू तेगबहादूर नगर ते सीएसएमटी या प्रवासात मध्ये सात स्थानके लागतात. तेवढ्या वेळात उभ्याने वाचन होते, लेखन होत नाही. म्हणून लिहिण्याचा अर्धा तास घरातच हवा, आणि तो पहाटेचाच असतो. दुपारनंतर रोजाने अंग जड होते. रात्री तरावीहची दीर्घ नमाज, मग आवराआवर.

रमजान उपाशी राहण्यापुरता नसतो, हे मुस्लीम घरात लहानपणापासून सांगितले जाते. कुरआनाच्या अवतरणाची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे आणि तो महिना हाच होता. इल्म, म्हणजे ज्ञान मिळवणे, स्त्री आणि पुरुष दोघांसाठी आहे, हेही मशिदीतून सांगितले जाते. मग एखाद्या घरात सहेरीची भांडी कोण घासतो, हा प्रश्न छोटा राहत नाही. नवऱ्याने आणि मुलाने मिळून ती घासली तर वीस मिनिटे लागतात. चहाचा टोप आणि तवा एकाने, ताटे-वाट्या दुसऱ्याने. बाईंचा अर्धा तास तिथून येतो, दुसरीकडून येण्यासारखा नाही.

ईदचा चंद्र दिसला की सहेरीचे गजर बंद होतात. घर पुन्हा सहा-साडेसहाला उठू लागते. फोनमधला पहाटेचा गजर काढून टाकायला एकदा बोट लावले की पुरे. शीव कोळीवाड्यातल्या त्या बाईंची वही तोवर मॅट्रिक्सच्या गुणाकारापर्यंत आलेली असेल. चार वाजताचा गजर त्यांनी जरूर काढावा, झोपही हवीच. पाचचा एक लावून ठेवावा. आणि घरातल्या बाकीच्यांनी महिनाभर लागलेली भांडी घासण्याची सवय तेवढी मोडू नये.